दुपारी दोनला उघडलेलं दुकान

नारायण पेठेतल्या श्रीधरच्या दुकानात छत्र्यांपेक्षा थापाच जास्त खपायच्या. पन्नाशी उलटली तरी शेजाऱ्याच्या स्कूटरला ‘विकणे आहे’ची पाटी अडकवल्याशिवाय गड्याला जेवण गोड लागायचं नाही.

त्याची लेक स्वराली मात्र त्या दिवशी रडकुंडीला आलेली. तिनं स्पर्धेसाठी भयएकांकिका लिहिली होती, माणसांचा ताबा घेणाऱ्या बुरशीवर. तालमीत डोक्यातून तुरा फुटलेला राक्षस आला आणि कॉलेजची पोरं पोट धरून हसली.

“बाबा, मी एकांकिका मागे घेतेय.”

“थांब गं. खरी बुरशी काय करते?”

“मुंगीच्या अंगात शिरते. मुंगी रोजची वाट सोडते, झाडावर चढते, पान दातात घट्ट धरते आणि मरते. मग डोक्यातून तुरा येतो.”

“मग तुऱ्याला कोण घाबरतंय? मुंगीनं वाट सोडली, भीती तिथं आहे!” श्रीधरचे डोळे लकाकले. “उद्या दुपारी दुकानाच्या माळ्यावर लपून बस.”

दुसऱ्या दिवशी अख्खी पेठ नेहमीसारखी दुकानं बंद करून पंख्याखाली आडवी झालेली असताना त्यानं शटर वर केलं. खडखडाट ऐकून समोरच्या पद्मजाकाकू तणतणत आल्या. चाळीस वर्षं शाळा गाजवलेली बाई, कुणाच्या बापाला न भिणारी.

“श्रीधर, दोन वाजलेत! वेळकाळ?”

“या ना काकू, बसा. सगळ्या छत्र्या उघडून दाखवतो. घ्यायलाच पाहिजे असं नाही. चहा सांगू?”

काकूंच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. “बरा आहेस ना रे?”

श्रीधर नुसता गोड हसला. तसाच हसत शिडी चढला आणि वरच्या छत्रीची मूठ दातात धरून लटकला.

“स्वरालीऽऽ! अगं, बाबांना काहीतरी झालंय!”

माळ्यावर स्वराली हसू दाबायला तोंडात ओढणी कोंबून बसली होती. रात्रीतून तिनं एकांकिकेतला राक्षस कापून टाकला.

स्पर्धेत रंगमंचावर फक्त एक शटर आणि दोन वाजल्याचं दाखवणारं घड्याळ. शटर वर गेलं. “या ना, बसा,” दुकानदार म्हणाला. थिएटर खो खो हसलं. दुकानदाराचं हसू काही उतरेना. हळूहळू लोकांचं उतरलं. तो शिडीकडे वळला तेव्हा कुणी खोकलंसुद्धा नाही. प्रेक्षकांत शेजारी बसलेल्या काकूंनी श्रीधरचं मनगट करकचून धरलं.

“कुणी लिहिलंय रे हे?”

“माझ्या पोरीनं,” तो म्हणाला. पुढं एखादी थाप जोडायचंही त्याला सुचलं नाही.

सकाळी दुकानावर नवी पाटी झळकली :

‘१ ते ४ बंद. उघडे दिसल्यास पळावे. अधिक भीतीसाठी लेखिका स्वराली यांना भेटा. मालकांचीच मुलगी आहे.’