शाळा बघायला आलेला पाहुणा

भवानी पेठेतल्या चर्चच्या प्राथमिक शाळेत त्या दिवशी मोठ्या बाई नव्हत्या. त्यामुळे सगळी शाळा फिरदोसच्या अंगावर होती. ती दुसरीला शिकवायची; नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं.

मधल्या सुट्टीत एक म्हातारा आत आला. धोतर, कपाळाला विभूती, हातात मोबाईल.

"मी शिवपुत्र," तो कानडी हेलात म्हणाला. "बहात्तरच्या दुष्काळात आईनं मला हितंच आणून सोडलं बगा. मिशनच्या बाईनं सुकडी खाऊ घालून जगवलं. त्या वेळचं सगळं लिवून ठेवावं म्हणतो, नातवंडांसाठी."

त्याने कोनशिलेचा फोटो घेतला, जुन्या दगडी वर्गाचा घेतला आणि पोरांना खिशातली चॉकलेटं वाटली.

नेमकं तेवढंच फाटकाबाहेर रिक्षात बसलेल्या युवराजनं पाहिलं. त्याची पिंकी पहिलीत होती. पोरं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ आठवडाभर घरोघरच्या मोबाईलवर फिरत होता. त्याने फोन लावले आणि बघता बघता फाटकावर गर्दी जमली.

फिरदोसने पोरांना वर्गात बसवून दारं लावली. म्हाताऱ्याला ऑफिसात नेऊन बाहेरून कुलूप घातलं आणि पोलिसांना फोन केला.

"बाई, त्याला भाईर काढा!" युवराज ओरडला. "आमी बगतो त्याच्याकडं."

फिरदोस ऑफिसच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. समोर कुणी परकं नव्हतं. रोज सकाळी 'नमस्कार बाई' म्हणणारीच माणसं होती, आणि आज त्यांच्या हातात दगड होते. त्याहून मोठी भीती आत ऑफिसात होती. हा माणूस खरंच कोण? त्याने सांगितलं, आपण ऐकलं. एवढीच ओळख. तो तसलाच निघाला तर?

ऑफिसातून म्हाताऱ्याचा बारीक आवाज आला, "अव्वा, माज्या आई, दार उघडू नको."

"मीच बोलावलंय त्यांना," फिरदोस म्हणाली. साफ खोटं बोलली. "शाळेचे पाहुणे आहेत. काही करायचं असेल तर आधी मला करा."

"तुमी कवापासून ओळखता?" कुणीतरी विचारलं.

एक दगड सुटला, ऑफिसची काच फुटली. आत म्हातारा ओरडला, वर्गातली पोरं रडायला लागली. तो रडण्याचा आवाज ऐकून पुढचे दोघे-तिघे थबकले. फिरदोस मात्र दाराला पाठ लावून उभीच राहिली. दार नसतं तर ती खाली बसली असती.

पोलीस आले तेव्हा म्हाताऱ्याच्या कानामागून रक्त वाहत होतं. चौकीत त्याचं आधार कार्ड बघितलं, अक्कलकोटला त्याच्या मुलाला फोन लावला. सगळं खरं निघालं.

मुलगा येईपर्यंत फिरदोस त्याच्याजवळ बसली. "काका, ते फोटो मलाही पाठवा," ती म्हणाली.

"काडून टाकले गं," तो म्हणाला. "आत कोंडलेलो तवाच. फोटो सापडले तर मारतील वाटलं."

दुसऱ्या दिवशी युवराज पिंकीला सोडायला आला. "चूक झाली बाई," खाली मान घालून तो म्हणाला. "पोरीच्या काळजीनं डोकंच फिरलं."

फिरदोसने मान डोलावली. पिंकीचा हात धरून ती वर्गाकडे निघाली. पण तो मागे उभा आहे एवढ्या जाणिवेनंच तिची पाठ ताठ झाली होती. वर्गात पाऊल पडेपर्यंत तिला वळून बघायचा धीर झाला नाही.