चाखणकरांची खाण्याची सहल

चाखणकरांनी माशाचा घास नीट चावला, डोळे मिटून तो गालात इकडून तिकडे फिरवला आणि मग मांडीवरचा झाकणाचा स्टीलचा पेला उचलून त्यात थुंकला. झाकण लावलं. ओठ रुमालाने टिपले.

“मासा आज सकाळचा आहे,” ते म्हणाले. “नारळाचं दूध मात्र कुणीतरी उकळू दिलंय. फुटलंय. पण मासा झकास.”

समुद्राकडे तोंड करून मांडलेल्या त्या लांबलचक टेबलावर दहा माणसं होती. त्यातल्या आठांचे हात जागच्या जागी थांबले. समोरच्या जाड्या वकिलाने उचललेला घास ताटात परत ठेवला. त्याच्या बायकोने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला तो बराच वेळ काढलाच नाही. चाखणकरांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने मग एकेकाच्या डोळ्याला डोळा भिडवला. तीस वर्षं मुलींना शिवण शिकवलेली बाई ती, वर्गात नुसत्या नजरेने कात्र्या खाली ठेवायला लावायची. तिला बाहेरचेच काय, घरचेही शिवणबाई म्हणत. शिवणबाईंची नजर फिरली तशा टेबलावरच्या माना पटापट खाली गेल्या.

चाखणकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. चौतीस वर्षं त्यांनी चहाच्या कंपनीत चव ठरवायचं काम केलं. पांढऱ्या वाट्यांची रांग लावायची, चमचाभर चहा सुर्रकन ओढायचा, जिभेवर घोळवायचा, पिकदाणीत थुंकायचा की पुढची वाटी. दिवसाला दोन-दोनशे वाट्या. कचेरीतल्या टवाळांनी त्यावरून त्यांचं बारसं केलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या अन्ननलिकेची शस्त्रक्रिया झाली आणि गिळायचा रस्ता कायमचा बंद झाला. आता पोटाला नळी होती. डब्यातली पावडर कोमट पाण्यात कालवायची आणि दर तीन तासांनी नळीतून पोटात सोडायची. जीभ तेवढी शाबूत होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, चावा, चाखा, पण थुंका, एक थेंब खाली जाता कामा नये.

“त्यात काय,” चाखणकर म्हणाले होते, “मला पगारच त्याचा मिळायचा.”

त्या विनोदावर एकटे तेच हसले होते.

शिवणबाईंना त्या दिवसापासून नवऱ्यासमोर घास उतरेना. फोडणीचा वास घरभर जातो म्हणून त्यांनी फोडणी द्यायचीच सोडली. स्वयंपाकघराचं दार लावायचं, पंखा मोठा करायचा आणि ओट्याशी उभं राहून गार पोळी दह्याशी कशीबशी कोंबायची. आपल्याला गिळता येतं हाच जणू गुन्हा. सहा महिन्यांत त्यांनी आपल्या कुर्त्यांच्या शिवणी तीनदा आत घेतल्या, त्याही दुपारी, नवरा झोपलेला असताना.

ही सहल आजारपणाच्या आधी ठरलेली. बेटावर सहा दिवस, दोन वेळा चमचमीत खाणं, मधल्या वेळात बागा, होड्या आणि दुसऱ्यांची स्वयंपाकघरं बघणं. बाईंनी ती केव्हाच रद्द धरली होती. चाखणकरांनी मात्र एका सकाळी जाहीर केलं, “आपण जायचं.” बातमी फुटली तसा नणंदेचा फोन आला.

“वहिनी, त्याचं डोकं फिरलंय, तुझंही फिरलं का? चणे आहेत तर दात नाहीत, आणि तुम्ही चण्यांच्याच गावाला निघालात!”

“दात आहेत, वन्सं. चांगले बत्तीस आहेत. नरडं नाहीये,” शिवणबाई म्हणाल्या. “आणि आम्ही जाणार.”

त्यांना वाटलं होतं, जिभेला आस लागलीय बिचाऱ्याच्या. मग पुरवावी. कुणी नाक मुरडलं तर ते नाक आणि आपण, बघून घेऊ. आला अंगावर तर घेतला शिंगावर, अशा तयारीनेच त्या होडीत चढल्या होत्या.

“काकू, तुम्ही काहीच घेतलं नाही,” समुद्राकडच्या त्या टेबलावर वाढणारी म्हणाली.

“मी नंतर,” बाईंनी ताटावर हात आडवा धरला.

दोन वाजता नळीची वेळ झाली. दोघं उठून खोलीवर गेली. बाईंनी नवऱ्याचं सगळं केलं, त्यांना व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत बसवलं, मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि उभ्या उभ्या दोन केळी आणि चार बिस्किटं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी तेच. निखाऱ्यावर भाजलेली कोळंबी आली, कच्च्या फणसाची भाजी आली. चाखणकर चावत होते, थुंकत होते, आणि काय बरोबर, काय चुकलं ते सांगत होते. वकिलाच्या बायकोने आपली खुर्ची उचलून टेबलाच्या पार टोकाला नेली. शिवणबाईंनी ते पाहिलं आणि मनात नोंदवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी वकील स्वतःच चाखणकरांच्या कानाशी लागून काहीतरी विचारत होता. खवचटपणा करतोय मेला, बाईंना वाटलं. त्यांनी ताट पालथं घातलं आणि हाताची घडी घालून त्याच्याकडे बघत बसल्या. तो लगेच आपल्या जागी गेला.

चौथ्या दिवशी सकाळी सहलवाला दाराशी आला. काटकुळा, बोलघेवडा माणूस, पण आज त्याला शब्द सापडत नव्हते.

“काकू, एक विनंती होती. आज दुपारचं जेवण तुमच्या खोलीवरच पाठवू का? इथे व्हरांड्यात झकास मांडून देतो.”

“का?”

“म्हणजे मंडळींना जरा...”

“मंडळींना काय?” बाईंचा आवाज चढला. “तुमच्या पत्रकावर काय छापलंय? चवीने खाणाऱ्यांची सहल. त्या अख्ख्या टेबलावर चव कळणारा माणूस एकच आहे, बाकीचे नुसते पोती भरताहेत. तो थुंकतो म्हणून कुणाच्या पोटात ढवळत असेल तर त्याने डोळे मिटावेत. आम्ही कुठे जाणार नाही. टेबलाच्या मधोमध बसणार. आजही आणि उद्याही. जा, सांगा तुमच्या मंडळींना.”

सहलवाला गेला नाही. त्याने चप्पल पायातल्या पायात सरकवली.

“काकांच्या थुंकण्याचं काही नाही हो, काकू. पहिल्या दिवशी वाटलं जरा. आता तर वकीलसाहेब आधी काकांना विचारतात आणि मग ताटात घेतात.”

“मग?”

“तुमचं आहे.” त्याने एकदाचं सांगून टाकलं. “तुम्ही पालथ्या ताटापुढे बसता आणि एकेकाच्या तोंडाकडे बघता. वकीलबाई म्हणाल्या, घास घेतला की चोरी केल्यासारखं वाटतं. घरात कुणी गेलंय आणि आपण जेवतोय असं वाटतं, म्हणाल्या. कुणाला घासच जात नाही, काकू. राग मानू नका.”

शिवणबाईंचा हात दाराच्या कडीवर गेला. सहलवाला दोन पावलं मागे मागे गेला, मग वळून चालायला लागला. त्यांनी दार लावलं. व्हरांड्यातल्या आरामखुर्चीतून चाखणकरांनी सगळं ऐकलं होतं.

“मी नाही हं पाठवलं त्याला,” ते म्हणाले.

“म्हणजे तुम्हालाही तेच वाटतं?”

“मांजर डोळे मिटून दूध पिते,” चाखणकर म्हणाले. “नळ सोडून केळी खाल्लीस तरी सालं टोपलीतच पडतात ना? आणि शिवणबाईचा नवरा आहे मी. शिवण आत घेतलेली मला कळत नाही होय? तीनदा घेतलीस.”

“मग काय करू?” बाई एकदम ओरडल्या. “तुमच्यासमोर बसून ओरपू? तुम्ही नळीला टांगलेले, आणि मी तुमच्या पुढ्यात बोटं चाटत बसू? लाज वाटते मला. भूक लागली तरी लाज वाटते. माझ्याच पोटाचा राग येतो!”

चाखणकरांनी मांडीवरचा रुमाल बाजूला ठेवला. मग खुर्चीत पुढे सरकले.

“चौतीस वर्षं चहा थुंकला मी. एक दिवस वाईट वाटलं नाही. का माहितीये? मी बरा म्हटलेला चहा दुसऱ्या दिवशी कुणीतरी बशीत ओतून प्यायचा. आता मी सांगतो मासा झकास आहे, आणि तू ताट पालथं घालतेस. माझं काम फुकट जातं, अगं.”

“तुमच्या जिभेसाठी आलोय आपण इथे.”

“माझ्या जिभेला घरीही मासा आणता आला असता. तुला जेवताना बघायला आलोय मी. घरी तू दार लावून घेतेस. म्हटलं, जिथे दार लावता येणार नाही अशा ठिकाणी न्यावी.”

“आधी सांगायचं होतंत.”

“सांगितलं असतं तर आली असतीस?”

“नसते आले,” बाई म्हणाल्या.

त्या पलंगाच्या कडेवर बसून राहिल्या. डोळे भरले तसे हाताच्या पाठीने पुसले, मग पिशवीतून छोटी कात्री काढली. दुपारी घालायच्या कुर्त्याची बाजू उलटी केली आणि टाचलेली शिवण एक एक टाका करत उसवायला घेतली. दोन्ही बाजू सुटेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. चाखणकरांनी मधे “चष्मा देऊ का?” एवढंच विचारलं.

त्या दुपारी जेवण किनाऱ्यावरच्या एका खानावळीत होतं. सहलवाल्याने दोघांना पाहिलं आणि घाईने दुसरीकडे बघितलं. शिवणबाईंनी टेबलाच्या मधोमधच्या दोन खुर्च्या ओढल्या. नवऱ्याला बसवलं, स्वतः बसल्या, समोरचं ताट सरळ केलं. वाढणारी खेकड्याचं पातेलं घेऊन आली तेव्हा सवयीने बाईंचा हात ताटावर आडवा झाला. तो त्यांनी मागे घेतला.

“वाढा.”

“किती वाढू, काकू?”

“मी थांब म्हणेपर्यंत.”

वकिलाची बायको टोकाला बसून ताटातल्या भाताकडे फार लक्ष देऊन बघत होती. बाकीच्यांनीही तेच केलं. शिवणबाईंनी खेकड्याची नांगी फोडली, आतलं मांस काढलं, रश्शात बुडवलं आणि तोंडात घातलं. नवरा त्यांच्याकडे बघत होता. घास घशाशी येऊन अडला. सहा महिन्यांचा राग, लाज, सगळं तिथेच येऊन बसलं होतं. एक क्षण त्यांना वाटलं, हा काही आपल्याच्याने उतरत नाही. मग त्यांनी नवऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून तो गिळला.

“कसंय?” चाखणकरांनी विचारलं.

“तुम्ही चाखा ना.”

त्यांनी चाखलं, घोळवलं, पेल्यात थुंकलं. “आंबट फार झालंय. चिंच कमी हवी होती.”

“मुळीच नाही. मस्त झालंय.” बाईंनी दुसरी नांगी फोडली.

“अगं, आंबट आहे. चौतीस वर्षं मी...”

“चहा चाखलात. खेकडे नव्हेत. गप्प बसा आणि मला खाऊ द्या.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. वकील हसला होता. त्याने पातेलं आपल्याकडे ओढलं आणि काही न विचारता ताटात दोन डाव घेतले. मग टेबलावर हळूहळू बोलणं सुरू झालं, मिरच्यांवरून वाद झाला, कुणाला ठसका लागला. बाईंच्या नाकातून पाणी वाहत होतं, कोपरापर्यंत रस्सा ओघळत होता, आणि त्या जेवत होत्या. भाकरीच्या चुऱ्यावर वाढलेली माणसं जेवतात तशा, खाली मान घालून, मनापासून.

चाखणकरांनी घड्याळ बघितलं आणि खुर्ची मागे सरकवली. “दोन वाजले. तू चालू दे. मी खोलीवर जाऊन करतो माझं मी.”

“बसा.”

“अगं, वेळ झाली.”

“माहितीये. पिशवीत सगळं आणलंय मी. बसा म्हणते ना.”

त्यांनी ओला हात टेबलाच्या कापडाला पुसला, थर्मास काढला, पावडर कालवली. चाखणकर क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी सदऱ्याची दोन बटणं काढली आणि नळी बाहेर घेतली. बाईंनी मोठी सिरिंज नळीला जोडून डाव्या हाताने उंच धरली, चाखणकर भांड्यातून तीत हळूहळू ओतायला लागले, आणि उजव्या हाताने बाईंनी पुन्हा खेकडा उचलला. पांढरं पातळ नळीतून खाली उतरत होतं. पलीकडच्या टेबलावरची परकी माणसं माना वळवून बघायला लागली. एका बाईने तिच्या मुलीचं तोंड दुसरीकडे फिरवलं.

खानावळीचा मालक लगबगीने आला आणि वाकून हळू आवाजात म्हणाला, “बाई, हे इथे नको. लोक जेवताहेत. आत माझी खोली आहे, तिथे करून घ्या.”

शिवणबाईंनी तोंडातला घास सावकाश संपवला. सिरिंज धरलेला हात तसाच उंच होता.

“आत कशाला?” त्या म्हणाल्या. “आम्हीही जेवतोय. दोघंही. तुम्ही भात आणा.”

मालकाने उंच धरलेल्या सिरिंजकडे पाहिलं, बाईंच्या ताटाकडे पाहिलं. मग भात आणायला आत गेला.