गार होऊ दे, मग हात लाव

उज्वलाला कशाचा म्हणून दम नव्हता. तव्यावरची भाकरी फुगायच्या आधी उलथणार, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी गॅस बारीक करणार. लग्नसुद्धा तिनं असंच उरकलं. नांदेडला थोरला भाऊ सुदर्शन हात जोडून सांगत होता, "सहा महिने दे मला, आबांना मी राजी करतो." ही कशाची देते! आठव्या दिवशी लातूरजवळच्या मुरुडच्या रविकिरणच्या गळ्यात रजिस्टर कचेरीत हार घातला आणि मोकळी झाली. पोरगी लिंगायताच्या घरात गेली याचं सुदर्शनला एवढं नव्हतं. आपल्या शब्दाला तिनं कवडीची किंमत दिली नाही, हे त्याला लागलं. चार वर्षं झाली, तो तिच्याशी बोलला नव्हता.

आता धाकट्या शिल्पाची हळद होती. उद्या सकाळी नऊला, नांदेडात. शिल्पानंच फोन केला होता, "ताई, हळदीचे दागिने तू करायचे. माझं लेणं घेऊन दारात उभी राहिलीस तर दादा कोणत्या तोंडानं परत पाठवील?" दुसरं निमंत्रण काही आलं नव्हतं. दागिने होते तर माहेर होतं.

उज्वला आजवर हवेत वाळणाऱ्या मातीचे झुमके करून मुरुडात विकायची. पण हळद पडली ओली, त्या मातीला पाणी लागलं की गिचका. म्हणून तिनं भाजायची माती मागवली, पॉलिमर क्ले. नावाला माती, खरं तर प्लास्टिकच. एकशे तीस अंशांवर अर्धा तास भाजली की पक्की होते म्हणे. रविकिरणनं लातूरहून कुणाचा तरी जुना ओव्हन आणून दिला. सासूबाई कमलम्मा तो बघूनच कडाडल्या, "माझ्या सैपाकघरात ही बला न्हाई! ज्यात प्लास्टिक भाजायचं त्यात परत अन्नाचा कण जायचा न्हाई, सांगून ठेवते." बाईंना एरवी प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय, पण हे बोलल्या ते सोळा आणे खरं होतं. ओव्हन पडवीत खिडकीखाली गेला.

सकाळी दहाला पहिलं ताट आत गेलं. हारासाठीची चाळीस झेंडूची फुलं, आदल्या अख्ख्या दिवसाचं काम. आधी एक फूल भाजून बघा, असं मोबाइलवरच्या व्हिडिओतल्या बाईनं दोनदा सांगितलं होतं. पण एका फुलासाठी अर्धा तास कोण घालवणार? अर्ध्या तासानं उज्वलानं दार उघडून अंगठ्यानं पाकळी दाबली. पाकळी दबली.

"अगं बाई, कच्चीच की!"

तिनं बटन थेट एकशे ऐंशीवर नेलं. मग आत-बाहेर, आत-बाहेर, दर दोन मिनिटांनी दार उघडून बघणं चालू. बघता बघता पिवळी फुलं तांबडी झाली, कडेनं काळी पडली आणि पडवीत असा उग्र वास सुटला की डोळे झोंबायला लागले.

खाटेवर पडलेले सासरे गुरुपादप्पा ताडकन उठले. सारी हयात त्यांनी गुऱ्हाळावर गूळ शिजवणारा गुळव्या म्हणून काढली होती. करपल्याचा वास त्यांना झोपेतही कळायचा. "बटन बंद कर! दार उघडू नको त्याचं, धूर राहू दे आतच. तू आधी अंगणात हो!" त्यांनी धोतराचा सोगा नाकाला लावला आणि खिडक्या सताड उघडल्या.

उज्वला अंगणात बसून ढसाढसा रडली. "मामा, मी जातच न्हाई आता. मोकळ्या हातानं दादाच्या दारात कशी उभी राहू?"

तासाभरानं वास गेला, तेव्हा गुरुपादप्पांनी ताट बाहेर काढलं. कडेचं, त्यातल्या त्यात कमी जळालेलं एक फूल उचलून फरशीवर आपटलं. टक् आवाज आला.

"हे तर सुपारीवानी टणक हाय. मऊ कुठलं म्हणत होतीस?"

"सगळीच मऊ होती, मामा. दाबून बघितली की मी."

"गरम असताना दाबलीस?"

"मग कवा दाबू?"

"आगं, गूळ कधी उकळत्या काहिलीत घट्ट झालेला बघितलास का? काहिलीत पातळच असतो. वाफ्यात ओतायचा, गार होऊ द्यायचा, मग ढेप धरतो. काहिलीतच घट्ट करायला बसलीस तर कोळसा मिळंल."

उज्वलानं केराच्या डब्यातून वेष्टन काढलं. बारीक अक्षरांत तेच छापलेलं होतं. गरम असेपर्यंत मऊ राहते, गार झाल्यावर टणक होते. तिला स्वतःच्याच मुस्काटात मारून घ्यावंसं वाटलं.

नांदेडला थेट जाणारी एकच बस होती, तीनची. उरलेल्या मातीत बावीस फुलं बसत होती. कमलम्मांनी तोंड वाकडं करत का होईना, गोळ्या वळून दिल्या आणि नंतर साबणानं तीनदा हात धुतले. दोनला ताट आत गेलं. गुरुपादप्पांनी ओव्हनपुढंच खुर्ची टाकली आणि बटनाला कुणाला हात लावू दिला नाही.

अडीचला ताट बाहेर आलं. उज्वला डबा घेऊन उभीच होती. "भरते मामा, बस गाठते."

"भर की. नांदेडात डबा उघडून पुरणाचा गोळा घाल भनीच्या गळ्यात."

ती बसली. उठली. परत बसली. पदराचं टोक पिळून पिळून त्याची दोरी केली. तीन वाजले, स्टँडाकडून बसचा भोंगा आला आणि गाडी गेली. त्या घडीला तिला सासऱ्यांचा असा राग आला की काय सांगावं! म्हाताऱ्यानं गुळाच्या गोष्टी सांगून माझं माहेर घालवलं, असंच तिच्या मनात आलं.

साडेतीनला गुरुपादप्पांनी एक फूल तिच्या तळहातावर ठेवलं. गार होतं. तिनं अंगठ्याचा सारा जोर लावला, पाकळीवर नखसुद्धा उमटलं नाही.

लातूरला गाडी बदलत गेलं तर नांदेडला पोचायला रात्रीचे दहा होणार होते. तिनं भीत भीत शिल्पाला फोन लावला आणि तीनची बस सोडली, यायला दहा वाजतील म्हणून सांगितलं. पलीकडे पाहुण्यांचा गलका होता. मग फोन कुणीतरी शिल्पाच्या हातातून घेतला.

"तीनची गाडी का सोडलीस?"

सुदर्शनचा आवाज.

"दादा... फुलं गरम होती. तशीच भरली असती तर चेंबली असती. म्हणून थांबले."

"तू? थांबलीस?"

"हाव. तासभर."

पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला. "दहाला रिक्षा करू नको. स्टँडवर मी येतो घ्यायला."

तिला हो म्हणायचं होतं, पण हुंदकाच बाहेर आला. गुरुपादप्पा एकेक फूल कापसात गुंडाळून डब्यात ठेवत होते. उज्वला फोन कानाला लावून रडत राहिली आणि सुदर्शननं फोन ठेवला नाही.