मुलाखतीत लावलेला तक्ता

आमच्या फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात शाळेत नोकरी मागायला गेलेली बाई बोलत बसत नाही, शिकवते. घरून रंगीत तक्ते करून न्यायचे, भिंतीवर डकवायचे आणि मुलांच्या बाकांवर अवघडून बसलेल्या परीक्षकांसमोर तास घ्यायचा. मी अशीच लागले आणि सतरा वर्षं शिकवलं.

इथे कॅनडात, विनिपेगमध्ये, मात्र नुसतं बोलायचं, तेही स्वतःबद्दल. दोन वर्षं खेटे घालून इथला परवाना मिळवला, पण दोन मुलाखतींत माझी दातखीळ बसली. "तुमच्यात विशेष काय?" म्हणे! आपणच आपली पाठ थोपटायची? मला लाज वाटते. मग काय, एका शाळेत मदतनीस झाले. मुलांना बर्फाचे बूट चढवायचे, नाकं पुसायची. तिसरी मुलाखत दुसऱ्या शाळेत, सहावीच्या वर्गासाठी होती. आता नुसतं बोलणं पुरे, असं मी ठरवलं.

निघताना माझी थोरली चुलत बहीण डेल्फा, माझी मनांग म्हणजे ताई, दारात आडवी आली.

"इंदाय, अगं पोरी, हे भेंडोळं कुठे नेतेस?"

"मुलाखतीला."

"डोकं फिरलंय का? इथे तक्ते लावत नाहीत गं. हसतील तुला! वीस मिनिटं मी, मी, मी करायचं आणि घरी यायचं."

"मग तूच जा मनांग. तुला ते छान जमतं."

समोर दोघं होते. मुख्याध्यापिका कोवालचुक बाई आणि सहावीलाच शिकवणारे फ्रीजन सर.

"एखाद्या मुलाला गणित कळत नव्हतं, तेव्हा तुम्ही काय केलंत, सांगा," बाई म्हणाल्या.

"सांगत नाही, करून दाखवते," मी म्हटलं आणि दोन मोठे गोल काढलेला तक्ता भिंतीवर लावला.

"अहो, सगळ्यांना प्रश्न सारखेच असतात."

"प्रश्न तोच ठेवा की. उत्तर माझ्या पद्धतीने देते." मी फ्रीजन सरांकडे वळले. "हे दोन सारखेच बिबिंका केक. एकाचे चार सारखे भाग केले, तीन खाल्ले. दुसऱ्याचे सहा केले, पाच खाल्ले. जास्त कुठला संपला?"

"सारखेच," सर झटकन म्हणाले. "दोन्हींत एकेकच तुकडा उरला."

बाईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मी हसले नाही. माझ्या वर्गात चुकलेल्याला कुणी हसत नाही.

"उरलेले दोन तुकडे काढा बघू. स्वतःच्या हाताने."

सर उठले, माझ्याकडून रंगीत खडू घेतला, तक्त्यावरच्या गोलांत रेघा मारल्या आणि कानापर्यंत लाल झाले. "सहांतला तुकडा लहान आहे. म्हणजे दुसरा जास्त संपला."

"वेळ संपली," बाई म्हणाल्या.

"का, ते त्यांनी अजून सांगितलं नाही."

सरांनी सांगितलं. अगदी नीट.

बाई खाकरल्या. "मिसेस सोलिनाप, इथे शिकवण्याचा अनुभव नाही तुम्हाला. तूर्त मदतनीस म्हणून घेऊ."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "नको. तिथे आधीच आहे मी." मी तक्ता काढायला लागले.

"राहू द्या ना," सर म्हणाले. "माझ्या वर्गाला दाखवीन म्हणतो."

"तक्ता एकटा शिकवत नाही, सर."

मी दाराशी पोचले तेव्हा मागे दोघांची कुजबुज चालली होती. बाईंनी हाक मारली, "थांबा. सोमवारी याल का?"

"कोण म्हणून?"

"शिक्षिका म्हणून."

मी परत आले, खुर्ची ओढली आणि बसले. "आधी तसं लिहून द्या, मग सांगते."