हिरव्या दिव्याची चुगली

मी राउटर. बोलतोय खरा, पण माझ्या बोलण्यावर लगेच विश्वास ठेवू नका. मीही आता कोणावर ठेवत नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा कोरा करकरीत होतो. पण ही गोष्ट माझ्या तिसऱ्या घरातली. स्वस्तातलं इंटरनेट देणारी आमची कंपनी एका घरातून काढलेला डबा पुसते, नव्या खोक्यात घालते आणि दुसऱ्याच्या गळ्यात मारते. जोडायला आलेल्याने "एकदम नवीन" म्हटलं, तेव्हा त्या घरातल्या सासऱ्यांनी मला उलटा करून पोटावरचा ओरखडा पाहिला. मला ते तेव्हाच आवडले.

मुलगा बोटीवर नोकरीला, म्हणून घरात दोघंच. सासरे टपाल कचेरीतून निवृत्त झालेले आणि सून ऐकू न येणाऱ्या मुलांना खुणांच्या भाषेत शिकवणारी. तिची मुलं लांब लांबच्या घरी पडद्यासमोर बसत. इतरांचं चित्र थिजलं तरी आवाजावर निभावतं. हिचा हात हवेत अडकला की शिकवणंच संपलं. दिवसातून चार-पाचदा तो अडकायचा. शुक्रवारपर्यंत सुधारलं नाही तर वर्ग दुसऱ्या कोणाला तरी देऊ, असं मुख्याध्यापिकेने सांगून टाकलं होतं.

तक्रारीचं खातं सासऱ्यांकडे. उभी हयात टपालात गेलेली, त्यामुळे नंबर मिळाला म्हणजे काम कोणाच्या तरी टेबलावर पोचलं, असा त्यांचा पक्का समज. फोनवरची गोड आवाजाची मुलगी नंबर द्यायची आणि सांगायची, डबा बंद करा, तीस आकडे मोजा, चालू करा. ते मोठ्याने तीस मोजायचे, एकही आकडा न गाळता. मी इमानदारीत हिरवा दिवा लावायचो. अर्ध्या तासात चित्र पुन्हा थिजायचं, आणि तोवर मोबाइलवर निरोप आलेला असायचा की तुमची तक्रार सोडवली आहे, धन्यवाद.

वहीत सतरा नंबर झाले. सून माझ्याकडे संशयाने बघू लागली. सासऱ्यांचा संशय वरच्या मजल्यावरच्या शिंप्यावर, की हाच आपलं इंटरनेट चोरून वापरतोय. माझा संशय कंपनीवर. स्वतःवर घ्यावा असं काही मला सुचलं नाही.

सोमवारी जिन्यात दुसऱ्या कोणाचं तरी काम करायला आलेला कंपनीचा वायरमन सासऱ्यांना भेटला. आजूबाजूला बघून हळूच म्हणाला, "काका, तुमचा डबा चालू झाला की तिकडे आपोआप कळतं. कळलं की तक्रार बंद. माणूस निघतच नाही."

सासऱ्यांनी वर येऊन हे सुनेला सांगितलं तेव्हा मला कळलं, म्हणजे चुगली मीच करत होतो. सतरा वेळा. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मग सासऱ्यांनी माझी वायर काढली, मला टेबलाच्या खणात ठेवलं आणि फोन लावला. बंद डब्याला ऐकू येत नाही, हा तुमचा गैरसमज.

"डबा बंद केलाय," ते म्हणाले. पलीकडून आता चालू करायला सांगितलं असावं.

"नाही करणार. तुमचा माणूस दारात आला की करीन."

तीन दिवस वर्ग बुडाले. सून खण उघडायची, मला बघायची, पुन्हा लावून घ्यायची. तिचा जीव टांगणीला लागला होता आणि मला तोंड लपवायलाही जागा नव्हती.

गुरुवारी दुपारी माणूस आला. जिन्यातला वायरीचा जोड सडला होता, दहा मिनिटांचं काम. मला लावलं आणि सुनेने एका विद्यार्थिनीला बोलावलं. ती पोरगी पडद्यावर हात हलवत राहिली, एकदाही न थिजता.

"काय म्हणतेय?" सासऱ्यांनी विचारलं.

"म्हणतेय, बाई, आज तुमचे हात पूर्ण दिसताहेत." सुनेला रडू आलं.

पण स्वतःच्या जोडाची चूक कंपनी कागदावर कशाला आणेल? 'डबा खराब, बदलला' असं लिहून माणसाने माझ्या जागी दुसरा डबा लावला आणि मला पिशवीत टाकलं. शुक्रवारचा वर्ग मला बघायला मिळाला नाही. तो झाला असेल, एवढं मी धरून चाललो आहे.

आता गोदामात मला पुसून खोक्यात घालताहेत. उद्या कदाचित तुमच्याच घरी येईन. पोटावरचा ओरखडा पाहून मला ओळखा. मग कधीतरी फोनवरचा गोड आवाज म्हणेल, बंद करून चालू करा. तेव्हा मला खुशाल बंद करा. चालू मात्र माणूस दारात आल्याशिवाय करू नका. माझा हिरवा दिवा खोटं बोलतो, आणि तो मला आवरत नाही.