आपण आंघोळ करतो का?

"आपण सकाळी स्वतः उठतो ना, आजोबा?"

मास्तरांनी सिस्टरला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. खाली नजर जास्त वेळ थांबली, कारण तिच्या एप्रनची दुमड एका बाजूला लोंबत होती. ज्याने ती शिवली त्याने पोटासाठी दुसरं काहीतरी करायला हवं होतं.

"तुमचं मला ठाऊक नाही," मास्तर म्हणाले. "मी उठतो."

आणि उठले. खुर्चीचे हात न धरता. सकाळपासून सराव चालला होता.

सिस्टर घरी मदतीला माणसं पाठवणाऱ्या संस्थेतून आली होती. मास्तरांना स्वतःचं काय करता येतं आणि काय नाही ते ती बघणार, आणि त्यावरून ठरणार की मास्तरांनी इथेच राहायचं, स्वतःच्या, आता बंद केलेल्या शिलाईच्या दुकानावरच्या या दोन खोल्यांत, की मुलाने पसंत केलेल्या वृद्धाश्रमात. मुलाच्या मते वडिलांना काहीच जमत नव्हतं. मुलीच्या मते सगळं जमत होतं. दोघांनी आपापली मतं आपापल्या घरी बसून बनवली होती, आणि आज ती घेऊन इथे येऊन बसली होती.

मास्तरांना त्यांची कीवही येत नसे. कीव यायलासुद्धा समोरच्यात काहीतरी असावं लागतं. मुलगा शिंप्याच्या पोटी जन्मून तयार शर्ट घालायचा, आणि त्याचे खांदे दंडावर ओघळलेले असायचे. मुलीचा फोन यायचा तो उत्तरासकट. "बरे आहात ना बाबा, बरं, मग ठेवते."

आज मात्र ते मुलीच्या बाजूला होते. सोयीपुरते.

*

"आपण जेवतो ना नीट, हाताने?"

"मी जेवतो. तुम्ही डबा आणलाय का?"

*

"आपल्याला लघवीची घाई होते का?"

"आत्ता होतेय. थांबता?"

ते गेले, आले, धुतलेले हात पुढे करून दाखवले. मुलाचा चेहरा उतरला. बापाला स्वतःचं स्वतः जाता येतं म्हणून चेहरा पडणारा माणूस मास्तरांनी आधी पाहिला नव्हता.

*

"आपण रडतो का कधी, एकटं असताना?"

"रडायचं असेल तर रडा. मी पाठ करून बसतो."

*

"बटणं लावता येतात?"

या प्रश्नात 'आपण' नव्हतं, म्हणून मास्तर बेसावध राहिले.

"सगळ्या गावाची लावलीत. सुई द्या."

"तशी नाही हो. अंगावरच्या शर्टाची. काढा आणि परत घाला."

मास्तरांनी पट्टी धरून ओढली.

चर्र.

आवाज वेल्क्रोचा होता. जाड सुई बोटांत राहायची, चपटं बटण मात्र काजाच्या तोंडाशी जाऊन निसटायचं. म्हणून मास्तरांनी सगळ्या शर्टांच्या पट्ट्या उसवल्या, आत वेल्क्रो बसवला, काजं शिवून बंद केली आणि त्यांच्यावर बटणं टाकली. बघणाऱ्याला शंका येणार नाही इतकं सफाईदार काम. बघणारं कोणी नव्हतंच, सफाई वाया गेली होती.

"बघा," मुलगा सिस्टरला म्हणाला. "शर्टसुद्धा घालता येत नाही. मी काय सांगत होतो?"

"बाबा, हे कधीपासून?" मुलगी म्हणाली.

"तू फोन ठेवलास तेव्हापासून."

सिस्टर वाकली, पट्टी उलटून पाहिली. "कोणी शिवलं?"

"मी."

"मग कपडे घालतो आपण." आणि मुलाकडे वळून, "कसे घालतात ते राहू द्या, साहेब. घालतात ना?"

त्या क्षणापुरती मास्तरांनी तिला दुमड माफ केली. पण वाकताना तिचं नाक त्यांच्या अंगावरच्या पावडरीच्या आतपर्यंत पोचलं होतं.

*

"आपण आंघोळ करतो का?"

"रोज," मुलगी म्हणाली.

विचारलं मास्तरांना होतं. सिस्टर बाथरूमकडे गेली आणि दारातच थांबली. मागोमाग दोघं मुलंही.

साबणाच्या वडीला तडे गेले होते. बादलीत कापडाचे तुकडे भरून ठेवले होते, रंगवार. दाराशी पाणी बाहेर येऊ नये म्हणून बांधलेला वीतभर उंच कठडा होता. त्याच कठड्याला पाय अडकून मास्तर मागच्या थंडीत आत पडले होते, स्वतःच उठले होते आणि कोणाला सांगितलं नव्हतं. तेव्हापासून बेसिनपाशी उभ्याने ओलं फडकं, वर पावडर. लपवायला काही कष्ट पडले नाहीत. इतकं जवळ येतंय कोण.

"झालं," मुलगा म्हणाला. "म्हणजे काहीच नाही. बाबा, तिथल्या बाथरूमला कठडा नाही, मी बघून आलोय."

"बाबा, सांगा ना," मुलगी म्हणाली, "तुम्ही करता म्हणून."

"आंघोळीपुरता माणूस सकाळी येऊ शकतो," सिस्टर म्हणाली. "घरीच. पण तुम्ही मागायला हवा. मी आपण होऊन नाही पाठवू शकत."

मास्तरांनी आयुष्यभर लोकांना मापासाठी हात वर करून उभं केलं होतं. त्यातले काही जण टेप पोटावर आली की श्वास ओढून घ्यायचे, पोट आत. त्या माणसांचा त्यांना सगळ्यात जास्त तिटकारा होता. टेपेशी खोटं बोलायचं आणि मग न होणारा शर्ट घेऊन शिंप्याच्या नावाने बोंबलायचं. "सोडा पोट," ते ओरडायचे, भर दुकानात, बायकोपोरांसमोर. "आहे तेवढं आहे."

आता त्यांच्या लक्षात आलं की सकाळपासून आपण पोट आत ओढून उभे आहोत.

त्यांनी ते सोडलं.

"उठतो मी," ते सिस्टरला म्हणाले. मुलांकडे त्यांनी पाहिलं नाही. "जेवतो मी. जातो मी. शर्ट मी घालतो, त्याला आवाज येतो."

"आणि आंघोळ?"

मास्तरांनी कठड्याकडे पाहिलं.

"आंघोळ," ते म्हणाले, "आपण करतो."

सिस्टर हसली नाही. हसली असती तर त्यांनी तिला जिन्यावरून हाकललं असतं.

"उद्या सकाळी माणूस येईल," ती म्हणाली.

"येऊ दे. त्याच्या हाती हा एप्रन पाठवा, धुऊन. दुमड घालून देतो. माझ्या घरात असलं लोंबतं चालत नाही."

मुलगा घसा खाकरून काहीतरी बोलणार होता. मास्तरांनी त्याच्या खांद्यावरची ओघळलेली शिवण चिमटीत धरून वर उचलली, पाहिली आणि सोडून दिली.