बेबीची ओटी

त्या शुक्रवारी मी बेबीची ओटी भरली ती देवीसाठी नव्हे, वजनकाट्यासाठी. हे लिहितानाही मला मान वर करवत नाही.

लालबागच्या एकाच चाळीत, एकाच वर्षी आम्ही दोघी लग्न होऊन आलो. समोरासमोरच्या खोल्या. पहाटे नळाला पाणी आलं की बेबी डोक्यावर हंडा, कडेवर कळशी घेऊन जिना चढायची आणि वर माझ्याशी भांडायची, तेही दम न लागता. चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला तेव्हा आम्ही बिल्डरच्या मागे लागून शेजारशेजारचे फ्लॅट मिळवले.

गेल्या वर्षभरात ती वाळत चालली होती. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. डब्याचं झाकण उघडेना, ते मी उघडून द्यायचे. भाजीची पिशवी मी उचलायचे. दोनदा ती बाथरूममध्ये पडली. मीच उठवली आणि मीच बजावलं, "कुणाला बोलू नकोस." तिच्या यजमानांना, अच्युतभावजींना, कानांनी कमी येतं. त्यांना कळलंही नाही.

भीती होती ती धनेशची. तिचा मुलगा, खारघरला राहतो. "आईचं जरा कमी-जास्त झालं की दोघांना घेऊन जाणार," असं तो येताजाता म्हणायचा. ती गेली असती तर मला 'रमे' म्हणणारं कोणी उरलं नसतं.

श्रावणात सोसायटीच्या हॉलमध्ये म्हाताऱ्यांची तपासणी होती. दर्शना नावाची फिजिओथेरपिस्ट मुलगी आली होती. माझा नंबर आधी लागला. वजन झालं, एक यंत्र मुठीत दाबायला दिलं, हाताची घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठवलं, मग विचारलं, "वर्षात कधी पडलात का?" सगळं कार्डावर लिहीत होती. बाहेर येऊन मी बेबीला कोपऱ्यात घेतलं.

"वजन गेल्या वर्षीचं लिहिलेलं आहे तिच्याकडे. तुझं किती होतं?"

"पंचेचाळीस. रमे, पण मी सांगते ना तिला. हल्ली गळून गेल्यासारखं होतं गं."

"खुळी की काय! कार्डवाल्या डॉक्टरला असलं सांगतात होय?"

आमचे हे मिलमध्ये साचेखात्यात, मागावर होते. मिलच्या डॉक्टरसमोर जायच्या आधी बाहेर मनसोक्त खोकून घ्यायचे आणि आत श्वास रोखून उभे राहायचे. कार्डावर 'अनफिट' लिहिलं की माणूस घरी बसला. मला वाटलं, ही मुलगीही त्यातलीच; हिने कार्डावर लिहिलं की धनेश बेबीला नेणार.

घरातून दोन नारळ आणि दीड किलो तांदूळ आणले, बेबीच्या पदरात घातले आणि पदर कमरेला घट्ट खोचला.

काट्यापाशी दर्शना म्हणाली, "आजी, ओटी जरा खाली ठेवता?"

बेबीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "देवीची आहे बाई. देवळातच निघालोय. खाली ठेवायची नसते."

त्या मुलीने ओटीला हात जोडले. "सॉरी हं," म्हणाली आणि चव्वेचाळीस लिहिलं. मूठ दाबायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, कालच तव्याने हिचा हात भाजलाय. खुर्चीतून तिसऱ्यांदा उठताना बेबीने हाताचा आधार घेतला तेव्हा म्हटलं, साडी अडकली. "कधी पडलात?" याचं उत्तर बेबीने मान खाली घालून दिलं, "नाही."

दिवाळीच्या तोंडावर ती स्वयंपाकघरात पडली आणि मनगट मोडलं. मी बाजारात गेले होते. भावजींना तिला उचलवेना. तासभर ती लादीवर पडून होती. धनेश धावत आला. प्लास्टर झालं, आणि चार दिवसांनी त्याने दर्शनाला घरी बोलावलं. मी तिथेच बेबीला पेज भरवत होते.

"काकी, तू होतीस म्हणून मी निर्धास्त होतो गं," तो म्हणाला. पेजेचा चमचा माझ्या हातात तसाच राहिला.

दर्शनाने बेबीला काट्यावर उभं केलं, कार्ड पाहिलं, पुन्हा काटा पाहिला. "एकोणचाळीस. तीन महिन्यांत पाच किलो? धनेशदादा, हे इतकं भरभर उतरणं बरं नाही. मोठ्या तपासण्या करायला हव्यात."

"म्हणजे... कॅन्सर वगैरे?" धनेशचा चेहरा उतरला.

बेबी घाईघाईने म्हणाली, "तेव्हाचा काटाच बिघडलेला असेल रे." मला वाचवायला बघत होती, मनगट गळ्यात अडकवून.

"काटा नीट होता," मी म्हटलं. "नारळ होते. मीच घातले."

मग सगळं सांगितलं. भाजलेला नसलेला हात, अडकलेली नसलेली साडी, सगळं.

धनेशने एकच विचारलं, "याआधी पडली होती?"

"दोनदा."

तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला. दर्शना माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली आणि म्हणाली, "तपासण्या तरीही करू. पण आजी, अशक्तपणा लवकर कळला तर बऱ्याचदा भरून काढता येतो. रोजचा थोडा व्यायाम, पोटात अंडं, डाळ. मी श्रावणातच सुरू केलं असतं. इथेच, या घरात."

"मला वाटलं, तू नापास करायला आलीस."

तिने कार्डावरचं चव्वेचाळीस खोडलं.

तपासण्यांत वाईट काही निघालं नाही. पण धनेश दोघांना घेऊन गेला. निघताना माझ्या पाया पडला, नेहमीसारखा. फक्त माझ्याकडे पाहिलं नाही.

काल बेबीचा फोन आला. "रमे, आज आधार न घेता आठ वेळा उठले. सुनेने टाळ्या वाजवल्या. अंडी खाऊन खाऊन आता मीच आरवणार बघ."

मी हसले. चार महिन्यांनी तिचा आवाज पूर्वीसारखा ठणठणीत आला होता, आणि तो येत होता खारघरहून.

"गप्प का गं? रागावलीस?" तिने विचारलं. तीच मला विचारत होती.

"नाही," मी म्हटलं. परत कधी येतेस, हे विचारायला माझी जीभ रेटली नाही.